दगडावरचं चौथं नाव

‘असं म्हणतात’ हे दोन शब्द महाजनबाईंच्या वर्गात चालत नसत. एखाद्या मुलानं उत्तर देताना ते वापरले की बाई हातातला खडू खाली ठेवत आणि विचारत, "कोण म्हणतं? त्याला घेऊन ये." मुलगा बावरून इकडंतिकडं बघे. "नाही ना सापडत? मग तुला स्वतःला जेवढं माहीत आहे तेवढंच सांग. थोडं असलं तरी चालेल."

द्वारका महाजन हे त्यांचं पूर्ण नाव. बुऱ्हाणपूरच्या आमच्या मराठी शाळेत त्या इतिहास आणि गणित शिकवायच्या. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि बाई पन्नाशीला आल्या होत्या. ठेंगणा बांधा, खळ घातलेली सुती साडी, आणि चैत्र असो की पौष, काखेत काळी छत्री. लग्न केलेलं नव्हतं. गावातल्याच राजपुरा भागात दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची आई, माई, अशा दोघीच राहत.

पहिल्याच महिन्यात मी त्यांचा रजेचा अर्ज पाहिला. आम्ही सगळे अशा वेळी ‘प्रकृती ठीक नसल्याने’ असं लिहून मोकळे होत असू. बाईंनी लिहिलं होतं, ‘आज दुपारी सिनेमाला जायचं आहे, तरी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी.’ हेडमास्तरांनी डोक्याला हात लावला. "बाई, मी हे फाइलला कसं लावू?" बाई म्हणाल्या, "टाचणीनं." रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीच विचारलं, "कसा होता?" "टुकार," बाई म्हणाल्या. "पण रजा खरी होती."

एकदा तपासणीला साहेब आले. हजेरीपटावर बेचाळीस मुलं हजर होती. बाकांवर एकतीस होती. साहेबांना दिसत होतं, पण त्यांनाही लवकर निघायचं होतं. त्यांनी सही करायला पेन उघडलं, तोच बाई म्हणाल्या, "थांबा. अकरा मुलं नाहीत. जैनाबादच्या बागांमध्ये केळीची तोड चालू आहे, तिकडं गेलीत. हजेरी माझ्याआधी कोणीतरी भरून ठेवली आहे." ‘कोणीतरी’ म्हणजे हेडमास्तर शेजारीच उभे होते. साहेब गेल्यावर ते बाईंवर एवढे तडकले की शिपाई दाराआड जाऊन उभा राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं रागावणं बरोबर आहे, सर. मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं." पहिलं चुकलं असं मात्र त्यांनी म्हटलं नाही.

अशा बाईंच्या दोन गोष्टी मला कधी कळल्या नव्हत्या. एक म्हणजे, शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की त्या परीक्षक व्हायला साफ नकार देत. मुलांना तयारीसाठी मदतही करत नसत. गणिताचा जादा तास रविवारी घेणारी ही बाई वक्तृत्वाचं नाव काढलं की उठून जाई. दुसरी गोष्ट पंधरा ऑगस्टची. दर वर्षी हेडमास्तर त्यांना मंचावर खुर्ची देऊ करत, आणि दर वर्षी बाई मैदानाच्या मागच्या टोकाला पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या राहून मुलांना पाणी देत.

खुर्ची देण्यामागं कारण होतं. बाईंचे वडील दामोदर महाजन दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर इंग्रजांनी त्यांना उभं करून गोळ्या घातल्या. गावाला एवढंच ठाऊक होतं, आणि एवढंच पुरेसं होतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर उरलेलं लोकांनी आपापल्या मनानं भरलं. कोणी सांगे, त्यांनी आपल्याच लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला. कोणी सांगे, मरताना त्यांनी घोषणा दिली. बाईंच्या समोर हे निघालं की त्या विषय बदलत. मी समजत होते, केवढा हा विनय!

माई तर बोलतच नसत. वयात आलेल्या मुलीएवढी सडसडीत, नव्वदीच्या घरातही ताठ बसणारी बाई. नवरा फौजेत गेला तेव्हा त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या आणि द्वारका पोटात होती. विणकरांच्या कांड्या भरून, म्हणजे मागावरच्या धोट्यात बसणारं सूत गुंडाळून, त्यांनी मुलीला शिकवलं. एका अखाजीला मी त्यांच्या घरी गेले होते. आमच्याकडं अक्षय्य तृतीयेला, म्हणजे अखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात. बाईंच्या घरात एकच माणूस गेलेला. घागरी दोन होत्या.

"ही दुसरी कोणाची, माई?" मी सहज विचारलं.

"एका परक्याची," माई म्हणाल्या, आणि माझ्या हातावर सांजोरी ठेवली. बाई स्वयंपाकघरात होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी माई गेल्या. बाई एकट्या पडल्या म्हणून मी आठवड्यातून एकदा तरी जात असे. अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडं वाल सोलत बसले होते, तेव्हा विनोद आला.

विनोद हा बाईंचा जुना विद्यार्थी. आता त्याचे पॉवरलूम होते, गावात मान होता. शाळेत असताना त्यानं वर्गातला पृथ्वीचा गोल फोडला होता आणि बाईंचा मार दुसऱ्याच मुलाला बसला होता. दोन दिवसांनी खरं कळल्यावर बाईंनी विनोदला काही म्हटलं नाही. त्या मार खाल्लेल्या मुलाच्या घरी गेल्या, त्याच्या बापासमोर त्या मुलाची माफी मागून आल्या. विनोद हे सगळ्यांना सांगे. "मला मारलं असतं तर मी विसरलो असतो," तो म्हणे.

त्या दिवशी तो पेढे घेऊन आला होता. राजपुऱ्याच्या चौकात शहीद स्मारक उभं राहत होतं आणि विनोद समितीचा अध्यक्ष होता. काळ्या दगडावर नावं कोरून झाली होती.

"बाई, चौथं नाव आपल्या बाबांचं आहे," तो म्हणाला. "परवा सकाळी कार्यक्रम. पडदा तुमच्या हातानं काढायचा."

बाईंनी पेढ्यांचा पुडा न उघडता बाजूला ठेवला. "विनोद, ते नाव काढ."

"बाई, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण आता तुमचं ऐकणार नाही. सत्तर वर्षं झाली, गावानं काहीच केलं नाही."

"स्वभावाचं नाही रे. ते नाव तिथं बसत नाही."

मग त्यांनी सांगितलं. शांतपणे, वर्गात सनावळी सांगत तशा क्रमानं. मी हातातला वाल तसाच धरून बसले.

फौजेची माघार चालली होती. डोंगरातल्या एका खेड्याजवळ तळ पडला होता. दामोदर महाजन आणि आणखी एक शिपाई दारू पिऊन तळाबाहेर पडले आणि एका घरात शिरायला लागले. तांदूळ हवा होता, चांदी मिळाली तर तीही. घराच्या दारात एक म्हातारा आडवा उभा राहिला. हातात काठीसुद्धा नव्हती. नुसते हात पसरून उभा होता. दामोदरनं त्याला गोळी घातली. तिसऱ्या दिवशी फौजेचं कोर्ट बसलं. म्हाताऱ्याच्या सुनेनं ओळखलं. दामोदरनंही कबूल केलं. शिक्षा मोठ्या साहेबाकडून कायम होऊन आली आणि एका सकाळी दहा शिपायांच्या तुकडीनं ती बजावली.

"त्या दहांत एक रावेरकडचा हवालदार होता," बाई म्हणाल्या. "लढाई संपल्यावर तो इथं येऊन आईला भेटला. म्हणाला, वहिनी, लोक तुम्हाला काहीही सांगतील. पण त्यानं मारलं होतं. मी ते घर बघितलं. आईनं विचारलं, तुमची बंदूक होती का? तो म्हणाला, होती. मग आईनं विचारलं, म्हाताऱ्याच्या घरात मागं कोण राहिलं? तो म्हणाला, सून आणि दोन लहान पोरं."

विनोदनं पेढ्यांचा पुडा उचलून पुन्हा तिथंच ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"सतरा वर्षांची होते. वक्तृत्व स्पर्धेत वडिलांवरच बोलले. लोक जे म्हणत होते तेच, पण चांगलं सजवून. पहिला नंबर आला. घरी येऊन आईला कप दाखवला, तर ती सूत गुंडाळायची थांबली. म्हणाली, पोरी, हे खरं न्हाई. आणि सगळं सांगितलं. मी कप परत करायला निघाले तर मला दारात धरलं. म्हणाली, माह्या जिवात जीव आहे तोवर कोणाले सांगू नको. मले या गल्लीत राह्यचं आहे."

"मग माईंची इच्छा होती ना, बाई!" विनोदला जणू वाट सापडली. "आता कोण विचारतंय? कागद इंग्रजांकडं. आणि कोर्ट तरी कोणाचं? फिरंग्यांचंच ना! त्यांनी आपल्या किती लोकांना खोट्या आरोपात लटकवलं. त्यांचा निकाल आपण कशाला खरा मानायचा?"

"कोर्ट फिरंग्यांचं होतं," बाई म्हणाल्या. "म्हातारा कोणाचा होता?"

विनोद उठला. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "बाई, पाहुणे ठरलेत, पत्रिका वाटल्यात. मी हात जोडतो. तुम्ही कार्यक्रमाला येऊ नका, तब्येतीचं काहीतरी सांगतो. नंतर बघू."

"तब्येत चांगली आहे माझी," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी घाबरून विचारलं, "बाई, खरंच जाणार?" त्यांनी वालाची पाटी आपल्याकडं ओढली. "पत्रिका मलाही आली आहे, मीना."

त्या सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळांची मुलं रांगेनं उभी होती, लाउडस्पीकर लावला होता. बाईंचा चुलतभाचा प्रकाश जैनाबादहून सहकुटुंब आला होता. केळीच्या बागा असलेला, तोंडावर हसू असलेला माणूस. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडची मंडळीही मुद्दाम आली होती, कारण शहिदाचं घराणं. प्रकाश त्यांना एकेक माणूस दाखवत होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, छत्री मिटून मांडीवर. विनोदनं दोन भाषणं लांबवली, पडदा पाहुण्यांच्याच हातून काढवला. बाईंचं नाव त्यानं घेतलं नाही. पण सूत्रसंचालन करणारा नवा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो उत्साहानं म्हणाला, "आणि आता हुतात्मा दामोदर महाजन यांच्या सुकन्या आपल्या वडिलांविषयी दोन शब्द बोलतील."

विनोदनं डोळे मिटून घेतले. बाई उठल्या. त्यांना पायऱ्या चढायला वेळ लागला. माइक उंच होता, तो कोणीतरी खाली केला.

"माझं नाव द्वारका दामोदर महाजन," त्या म्हणाल्या. "ह्या दगडावर चौथं नाव माझ्या वडिलांचं आहे. ते इथं नको."

लोकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ते लढाईत मेले नाहीत. इंग्रजांविरुद्ध उठले म्हणूनही मेले नाहीत. सरहद्दीवरच्या एका खेड्यात त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच दारात गोळी घातली. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याबद्दल फौजेनं त्यांच्यावर खटला चालवला आणि त्यांना शिक्षा दिली. मला हे सतराव्या वर्षापासून माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही. ती चूक माझी आहे, विनोदची किंवा समितीची नाही."

"आत्या, बस!" प्रकाश मागून ओरडला. "बस झालं!" आणखी कोणीतरी ओरडलं, "बापाची बदनामी करता?" रांगेतली मुलं वळून बघायला लागली. बाई थांबल्या. गलका कमी होईपर्यंत त्या वर्गात थांबत तशाच थांबल्या, आणि काय आश्चर्य, गलका कमी झाला. त्या चौकातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिकवलं होतं.

"ह्या दगडावरची बाकीची माणसं दुसऱ्यासाठी मेली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या रांगेत हे नाव बसवलं तर उद्या कोणी त्यांच्यावरही विश्वास ठेवणार नाही. मी माझ्या वडिलांना टाकलेलं नाही. अखाजीला मी त्यांची घागर भरते, पुढंही भरीन. घरात ते माझे वडील आहेत. इथं नाहीत. एवढंच."

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाला काय करावं सुचेना. बँडवाल्यानं घाबरून राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळे उभे राहिले. बाई पायऱ्यांवर अर्ध्यात होत्या, तिथंच सावधान उभ्या राहिल्या.

मी त्यांना रिक्षानं घरी आणलं. मला त्यांच्याकडं बघायचीसुद्धा हिंमत होत नव्हती. ज्यांना मी पंचवीस वर्षं ओळखत होते त्या ह्याच का, असं वाटत होतं. घरी आल्यावर त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे ग. माझ्या निऱ्या हलत होत्या का? पाय इतके लटपटत होते की मला वाटलं सगळ्यांना दिसतंय."

पुढचे दिवस कठीण गेले. गल्लीतल्या दोन घरांनी बोलणं टाकलं. वर्तमानपत्रात उलटसुलट छापून आलं. प्रकाशनं निरोप पाठवला, आजपासून संबंध संपला. मुलीची सोयरीक मोडली नाही, पण मुलाकडच्यांनी महिनाभर उत्तर दिलं नाही, आणि तो महिना प्रकाश विसरायला तयार नव्हता. लग्नाची पत्रिका बाईंना आली नाही. विनोद मात्र आला. समितीत भांडणं झाली, दोघांनी राजीनामे दिले, पण त्यानं दगड उतरवून नवा कोरून घेतला. तो म्हणाला, "बाई, मी तुमच्यावर फार चिडलो होतो. अजून थोडा आहे." बाई म्हणाल्या, "असू दे. चहा घेणार?"

साधारण पंधरा दिवसांनी नेपानगरहून एक रिटायर सुभेदार आले. ताठ, पांढऱ्या मिशा. दारातूनच म्हणाले, "बाई, मी झगडा करायला आलोय."

"बसून करा," बाई म्हणाल्या.

सुभेदार बसले. "फौजेत हजारांत एखादा असा निघतो. फौजच त्याचा हिसाब करते. चौकात माइक लावून त्याचा बोभाटा करत नाहीत."

"शिक्षा फौजेनंच दिली, हे मी सांगितलं ना?"

"सांगितलं," सुभेदारांनी मान्य केलं. मी आणून दिलेला चहा त्यांनी हातात घेतला. मग एकदम म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माहीत नाही."

"पता केलं नाही?"

"नाही."

"एक नाव दगडावरून उतरवलं," सुभेदार म्हणाले, "आणि दुसरं विचारलंसुद्धा नाही?" त्यांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेले. झगडा तेवढाच.

बाईंनी सुभेदारांची कपबशी उचलली. "मीना, माणूस बरोबर बोलला. वर्षानुवर्षं घागर भरतोय आम्ही. परक्याची. आईला निदान तेवढं सुचलं. मला पुढचं सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नकाशा मागवला. हवालदारानं त्या खेड्याचं नाव सांगितलं होतं, पण ते माईंच्या तोंडात सत्तर वर्षं राहून पार खानदेशी झालं होतं. बाई भिंग घेऊन नकाशावर त्याच्याशी जुळणारं नाव शोधत. पंचाहत्तरीला आलेली बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. त्यांनी त्या डोंगराळ जिल्ह्यातल्या नऊ शाळांच्या हेडमास्तरांना पत्रं लिहिली. हिंदीत एक आणि इंग्रजीत एक. इंग्रजी मी तपासून देत असे. पत्रात काही झाकलेलं नसे. ‘माझ्या वडिलांनी तुमच्या भागात एका वृद्ध माणसाला ठार मारलं. त्यांचं नाव मला हवं आहे,’ अशी सुरुवात.

"बाई, जरा वळणानं लिहू या का?" मी एकदा म्हटलं.

"वळणं घेत बसायला माझ्याकडं वर्षं नाहीत."

नऊपैकी तीन उत्तरं आली. दोघांनी माहिती नसल्याचं कळवलं. तिसरे हेडमास्तर तरुण असावेत. त्यांनी लिहिलं की त्यांनी चार खेड्यांत विचारलं. त्या वर्षी त्या भागात दोन्ही बाजूंच्या फौजा येऊन गेल्या, फार माणसं गेली, नक्की सांगणं अवघड आहे. पण एक-दोन घरांमध्ये अशी गोष्ट सांगतात. आपण आलात तर मी बरोबर येईन.

बाईंनी तिकीट काढलं. आम्ही सगळ्यांनी विरोध केला. अडीच दिवसांची गाडी, पुढं जीप, वय शहात्तर. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मला निघता येत नव्हतं. विनोद माणूस पाठवतो म्हणाला, त्याला बाई नको म्हणाल्या. स्टेशनवर सोडायला मी गेले. गाडी यायला पाच मिनिटं असताना पुलावरून प्रकाश धापा टाकत उतरला. खांद्याला बॅग. दोन वर्षांत त्यानं आत्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"कुठं चाललास?" बाईंनी विचारलं.

"तू जिथं चालली तिथं." त्यानं माझ्या हातातली त्यांची पेटी घेतली. "मी अजून नाराजच आहे, आत्या. पण एकटी गेलीस आणि रस्त्यात काही झालं तर लोक मला काय म्हणतील?"

"कोण म्हणतील?" बाई म्हणाल्या. पण पेटी त्यांनी त्याच्या हातात राहू दिली.

सोळा दिवसांनी त्या परत आल्या. वाळल्या होत्या, काळवंडल्या होत्या. मी गेले तेव्हा कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं.

तो तरुण हेडमास्तर त्यांना तीन खेड्यांत घेऊन गेला. तिसऱ्यात, उतारावरच्या एका घरात, बाईंहून थोडी मोठी एक म्हातारी होती. ती चार-पाच वर्षांची असताना तिच्या आजोबांना दारात एका शिपायानं गोळी घातली होती. ती टोपलीमागं लपली होती. तिला शिपायाचे बूट आठवत होते, चेहरा नाही.

"मी माझं सगळं सांगितलं," बाई म्हणाल्या. "हेडमास्तर एकेक वाक्य तिच्या बोलीत सांगत होता. सांगून झालं, आणि ती उठून आत गेली. बराच वेळ आलीच नाही. प्रकाश म्हणाला, आत्या, चल, निघू. मला पण वाटलं, झालं. बरोबरच आहे तिचं. तेवढ्यात ती बाहेर आली आणि काहीतरी बोलली. मी हेडमास्तरकडं बघितलं. तो म्हणाला, जेवून जा, म्हणतात."

बाई थांबल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"जेवलो. भात होता, पाला होता, आणखी एक काहीतरी होतं. मी जन्मात मांस खाल्लं नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी ताटात काय आहे ते मी विचारलं नाही. प्रकाशनं पण विचारलं नाही. माळकरी माणूस तो."

"बाई, मग ते आजोबाच होते का? तुमच्या वडिलांनी..."

"काय माहीत ग. तिला त्यांच्या खेड्याचं जुनं नाव आई सांगायची त्या नावासारखं वाटतं, मला नाही वाटत. असतील. नसतील. पण तिनं मला त्यांचं नाव सांगितलं."

ते नाव बाईंनी मला सांगितलं आहे. मी इथं लिहीत नाही, कारण ते त्याच म्हाताऱ्याचं होतं की नाही हे बाईंनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि ठरलं नसताना लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच, फार आजारी न पडता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आठवडाभर आधी, पोस्टात. मी माझ्या कामासाठी गेले होते. बाई पार्सलच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. पांढऱ्या मांजरपाटात हातानं शिवलेलं एक गाठोडं त्यांनी छातीशी धरलं होतं, आणि त्यावर जांभळ्या शाईनं मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला होता. मागं सहा-सात माणसं खोळंबली होती. मला त्यांनी पाहिलं नाही.

"अंदर क्या है, बहनजी?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"दराबा. बुरहानपूर का." इथला दराबा, म्हणजे रवा-तूप-साखरेची मिठाई, महिनाभर टिकतो, म्हणून पाठवायला बरा.

कारकुनानं पत्ता वाचला. पुन्हा वाचला. चष्मा वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "इतनी दूर? वहाँ कौन है आपका?"

तो सहज विचारत होता. कोणीही ‘नातेवाईक’ म्हणून सुटलं असतं. बाई विचार करायला लागल्या. मागच्या माणसानं च्यक् केलं, कोणीतरी घड्याळ पाहिलं. बाईंचा विचार चाललाच होता. भुवया आवळलेल्या, ओठ किंचित हलत असलेले.

"अभी पता नहीं, भैया," शेवटी त्या म्हणाल्या, आणि गाठोडं खिडकीतून आत सरकवलं. "आप तौल लीजिए."